खाचेत बसले म्हणजे जुळले का?



मे महिन्याची सुटी संपल्यावर अकरावीतला एक विद्यार्थी मला भेटायला आला. त्याच्या एका हातात रुमालात गुंडाळलेले ग्राफिक्स कार्ड होते, आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिक अर्धवट वितळलेली एक वायर. त्याच्या घरी मोठ्या भावाने वापरून ठेवलेला जुना डेस्कटॉप संगणक आहे. त्यावर त्रिमितीय चलत्‌चित्रे तयार करण्याची या मुलाला मोठी हौस. सगळी सुटी त्याने एका झेरॉक्सच्या दुकानात काम केले, पैसे साठवले आणि एक वापरलेले कार्ड विकत आणले.

"सर, खाचेत अगदी बरोबर बसलं. संगणक सुरूही झाला. पण चित्र फिरायला लागलं की फट्‌कन बंद पडतो. काल तर जळका वास आला, आणि ही वायर अशी झाली."

मी कार्ड पाहिले. ते चांगले होते. संगणकही चांगला होता. वाईट होती ती जोडी! आणि ही जोडी जमणार नाही हे कार्ड विकत घेण्यापूर्वी, कागदावरच्या पाच-सहा ओळींच्या हिशोबाने कळले असते. त्या हिशोबाला लागणारे सूत्र तुम्हांला शाळेतच शिकवलेले असते : शक्ती = विभवांतर × विद्युत्प्रवाह.

जुन्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड जोडावे असे तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात असेल. शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकांचे आयुष्य आणखी चार वर्षे वाढवता येईल का, असा प्रश्न शिक्षकांनाही पडत असेल. म्हणून, जुळते की नाही हे कसे ठरवायचे ते आज पायरीपायरीने पाहू या.

ग्राफिक्स कार्ड करते काय?

संगणकाचा पडदा म्हणजे चित्रबिंदूंचा एक मोठा तक्ता असतो. नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० चित्रबिंदू असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० होतात. चित्र सलग हलताना दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले, तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख वेळा चित्रबिंदूचा रंग ठरवावा लागतो.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. आचारी एकच असतो, पण तो कसबी असतो. कोणता पदार्थ केव्हा करायचा, किती करायचा हे सारे तो ठरवतो. मात्र पाचशे पानांवर मीठ वाढण्याचे काम त्याला सांगितले, तर पंगत उपाशी राहील. तेथे वाढपीच पाहिजेत. प्रत्येकाचे काम सोपे आणि एकसारखे, पण माणसे पुष्कळ. संगणकाचा प्रोसेसर हा आचारी, आणि ग्राफिक्स कार्ड ही वाढप्यांची फौज. २०१९ साली आलेल्या जीफोर्स जीटीएक्स १६५० या साध्या कार्डावर ८९६ गणनघटक एकाच वेळी राबतात.

पण वाढपी वाढवले की पंगत लवकर उठेलच असे नाही. स्वयंपाकघराचे दार अरुंद असेल, वाढप्यांना उभे राहायला जागा नसेल किंवा आचाऱ्याचाच हात सावकाश चालत असेल, तर जादा माणसे नुसती उभी राहतील. कार्डाचे अगदी असेच होते.

आपला नमुना संगणक

हिशोबासाठी एक नमुना समोर ठेवू. त्यातील प्रोसेसर इंटेल कोअर आय-५ ४५७० हा आहे. तो २०१३ साली बाजारात आला. त्याचा मदरबोर्ड एच-८१ या चिपसंचावर आधारलेला आहे. अशा जोडीचे संगणक आजही पुष्कळ घरांत आणि कार्यालयांत दिसतात. समजा, त्याच्या एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या पेटीच्या, चिठ्ठीवर १२ व्होल्टसमोर २० अँपिअर असे छापले आहे.

तुमच्या संगणकात काय आहे हे शोधायला तो उघडण्याचीही गरज नाही. विंडोज प्रणालीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' नावाचा कार्यक्रम असतो. त्यात प्रोसेसरचे नाव, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत मदरबोर्डाचे नाव आणि 'बायोस मोड' ही ओळ मिळते. एसएमपीएसची चिठ्ठी मात्र कॅबिनेटची बाजूची पत्री काढूनच वाचावी लागते. वहीत या चार गोष्टी लिहून घ्या. पुढच्या कसोट्या त्यांच्यावरच लावायच्या आहेत.

पहिली कसोटी : जागा

सर्वांत सोपी कसोटी मोजपट्टीची. कार्डाची लांबी, उंची आणि जाडी अशी तीन मापे पाहायची.

कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याच्या आतील बाजूपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत, म्हणजे बहुधा हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत, अंतर मोजा. कार्डाची लांबी त्याहून निदान एक-दोन सेंटिमीटर कमी हवी. नाहीतर ते आत सरकवताच येत नाही.

मग उंची. कार्डाच्या टोकाला जी धातूची उभी पट्टी असते, ती नेहमीच्या कार्डावर सुमारे १२ सेंटिमीटर आणि बुटक्या कार्डावर सुमारे ८ सेंटिमीटर असते. कार्यालयांतल्या सडपातळ कॅबिनेटमध्ये फक्त बुटकी पट्टी मावते.

शेवटी जाडी. शेजारशेजारच्या खाचांमधले अंतर २०.३२ मिलिमीटर असते. पंखे मोठे असलेले कार्ड दोन खाचांची जागा अडवते. शेजारच्या खाचेत दुसरे काही बसवलेले असेल, तर ते हलवता येईल का हे आधीच पाहा. पंख्यासमोर हवेला वाट हवी हेही विसरू नका. कार्डाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते. ७५ वॅटचे कार्ड म्हणजे कॅबिनेटमध्ये ठेवलेला ७५ वॅटचा तापक!

दुसरी कसोटी : खाच आणि तिच्या मार्गिका

फार जुन्या संगणकांत, १९९७ पासून, एजीपी नावाची खाच असे. २००४ पासून तिची जागा पीसीआय एक्स्प्रेस या खाचेने घेतली. या दोहोंची ठेवण वेगळी आहे, त्यामुळे एकीचे कार्ड दुसरीत बसतच नाही. तुमच्या संगणकात एजीपी खाच असेल तर शोध तेथेच थांबवावा.

पीसीआय एक्स्प्रेसची सर्वांत लांब खाच सुमारे ८९ मिलिमीटरची असते. तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या १६ मार्गिका असतात. जशा आवृत्त्या बदलल्या, तशी प्रत्येक मार्गिकेची वहनक्षमता वाढत गेली. एका दिशेने, दर सेकंदाला ती अशी असते :

आवृत्ती १.० (२००३) : एका मार्गिकेतून २५० मेगाबाइट, सोळांतून ४ गिगाबाइट
आवृत्ती २.० (२००७) : एका मार्गिकेतून ५०० मेगाबाइट, सोळांतून ८ गिगाबाइट
आवृत्ती ३.० (२०१०) : एका मार्गिकेतून सुमारे ९८५ मेगाबाइट, सोळांतून सुमारे १५.८ गिगाबाइट
आवृत्ती ४.० (२०१७) : एका मार्गिकेतून सुमारे १,९७० मेगाबाइट, सोळांतून सुमारे ३१.५ गिगाबाइट

हे आकडे कसे येतात? दुसऱ्या आवृत्तीत एका मार्गिकेतून सेकंदाला ५०० कोटी बिट धावतात. पण प्रत्येक १० बिटांपैकी ८ बिटच खऱ्या माहितीचे. बाकीचे दोन संकेत बिनचूक वाचता यावा म्हणून घातलेले असतात. म्हणजे खरी माहिती ४०० कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५० कोटी बाइट, अर्थात ५०० मेगाबाइट.

नव्या आवृत्तीचे कार्ड जुन्या खाचेत चालते का? चालते. संगणक सुरू होताना कार्ड आणि मदरबोर्ड आधी सर्वांत हळू गतीने एकमेकांशी बोलतात, आणि दोघांनाही झेपेल अशी सर्वांत मोठी गती ठरवतात. बुलेट चालवणारा आणि सायकलवाला गप्पा मारत निघाले, तर वेग सायकलचाच राहणार, तसे हे आहे. म्हणून "नवे कार्ड जुन्या खाचेत चालते" हे वाक्य खरे आहे. पण ते कसे चालते, हा प्रश्न त्यात राहूनच जातो.

येथे एक छुपा खड्डा आहे. २०२२ साली आलेले रेडिऑन आरएक्स ६४०० हे कार्ड पाहा. ते फक्त ५३ वॅट घेते, त्यामुळे जुन्या संगणकासाठी अगदी सोयीचे वाटते. त्याची कड खाचेत पूर्णपणे बसतेही. पण त्याला मार्गिका मात्र चारच जोडलेल्या आहेत! चौथ्या आवृत्तीच्या खाचेत त्याचे बिघडत नाही : ४ × १,९७० म्हणजे सेकंदाला सुमारे ७.९ गिगाबाइट मिळतात. आता आपला नमुना संगणक घ्या. त्याच्या प्रोसेसरला तिसरी आवृत्ती येते, पण एच-८१ चिपसंचाच्या पुष्कळ मदरबोर्डांवर लांब खाच दुसऱ्याच आवृत्तीची असते. तेथे ४ × ५०० म्हणजे अवघे २ गिगाबाइट. दार चतुर्थांश झाले! त्याच खाचेत १६ मार्गिकांचे जीटीएक्स १६५० बसवले, तर त्याला ८ गिगाबाइट मिळतात.

हे केव्हा जाणवते? दोन्ही कार्डांवर स्वतःची ४ गिगाबाइट मेमरी आहे. चित्राची सामग्री तेवढ्यात मावली, तर दाराची अडचण फारशी होत नाही. ती मावली नाही, तर उरलेली सामग्री मदरबोर्डावरच्या मेमरीतून पुन्हापुन्हा आणावी लागते. मग चित्र अडखळू लागते.

म्हणून कार्डाच्या माहितीपत्रकात आवृत्ती आणि मार्गिका हे दोन्ही आकडे पाहा. मदरबोर्डाच्या माहितीपत्रकातही तेच दोन आकडे पाहा. दोन्हींपैकी लहान आवृत्ती आणि लहान मार्गिकासंख्या घेऊन गुणाकार करा. तीच तुमच्या जोडीची वहनक्षमता.

तिसरी कसोटी : वीज

आता आमच्या विद्यार्थ्याचे कोठे चुकले तिकडे येऊ.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४०० किंवा ४५० वॅट असे छापलेले असते. त्यावर विसंबू नका. तो आकडा ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा सर्व पुरवठ्यांची मिळून बेरीज असतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सारी वीज १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून घेतात. म्हणून चिठ्ठीवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर पाहायचे. आपल्या नमुन्यात ते २० आहेत :

१२ व्होल्ट × २० अँपिअर = २४० वॅट

काही चिठ्ठ्यांवर १२ व्होल्टचे दोन पुरवठे वेगवेगळे दाखवलेले असतात. त्यांची नुसती बेरीज करू नये. दोन्ही मिळून कमाल किती वॅट, हे तेथेच वेगळे छापलेले असते. तो आकडा घ्यावा.

यंत्र कायम आपल्या कमाल मर्यादेवर राबवू नये हे तुम्हांला ठाऊक आहेच. शिवाय चित्र बदलताना कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा पुष्कळच जास्त प्रवाह ओढते. म्हणून हिशोबात ८० टक्केच धरू. २४० चे ८० टक्के म्हणजे १९२ वॅट. हे आपले अंदाजपत्रक.

आता खर्च. प्रोसेसर ८४ वॅटचा आहे. १२ व्होल्टचे विभवांतर त्याला लागणाऱ्या कमी विभवांतरात बदलताना थोडी वीज वाया जाते, म्हणून ९५ वॅट धरू. पंखे आणि हार्ड डिस्कची मोटर यांसाठी २० वॅट. दोन्ही मिळून ११५ वॅट झाले. शिल्लक राहिले १९२ − ११५ = ७७ वॅट.

जीटीएक्स १६५० ची गरज ७५ वॅट. म्हणजे ते या अंदाजपत्रकात कसेबसे पण बसते. आमच्या विद्यार्थ्याने आणलेले कार्ड होते १७० वॅटचे. ११५ + १७० = २८५ वॅट! २४० च्या पूर्ण मर्यादेच्याही ते पलीकडे गेले. चित्र स्थिर असताना कार्ड थोडीच वीज घेते, म्हणून संगणक सुरू होई. चित्र फिरू लागले की मागणी वाढे, आणि एसएमपीएसमधील संरक्षक मंडल पुरवठा तोडून टाकी. संगणक बिघडला म्हणून बंद पडत नव्हता. तो बिघडू नये म्हणून बंद पडत होता.

येथे एक गैरसमज दूर करू. एसएमपीएसवरचे वॅट हे तो बाहेर देतो ती शक्ती असते, भिंतीतून घेतो ती नव्हे. कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर २०० वॅट देण्यासाठी तो भिंतीतून २५० वॅट घेईल, आणि मधले ५० वॅट उष्णतेत जातील.

वायर का वितळली?

पीसीआय एक्स्प्रेसच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून अधिक लागले, तर एसएमपीएसकडून वेगळी वायर आणावी लागते. सहा टाचण्यांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ टाचण्यांच्या जोडणीतून १५० वॅट, असे प्रमाण ठरलेले आहे. १७० वॅटच्या त्या कार्डाला आठ टाचण्यांची वायर हवी होती, आणि जुन्या एसएमपीएसला ती नव्हतीच. तेव्हा त्याने बाजारातून एक रूपांतरक वायर आणली. तिचे एक टोक हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा जोडणीत आणि दुसरे कार्डात बसवले.

आता हिशोब करा. खाचेने पूर्ण ७५ वॅट दिले असे धरले, तरी वायरीवर ९५ वॅट उरतात.

९५ ÷ १२ = सुमारे ७.९ अँपिअर

साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन टाचण्या असतात, आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर. म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, अर्थात ५४ वॅट. तिच्यातून ७.९ अँपिअर धावत होते, सुमारे पावणेदोन पट.

पावणेदोन पट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण ज्यूलचा नियम आठवा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.७६ चा वर्ग सुमारे ३.१. म्हणजे टाचण्यांच्या सांध्यात तिपटीहून अधिक उष्णता निर्माण होत होती. तापल्यावर टाचणीची पकड ढिली होते, पकड ढिली झाली की रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. हे चक्र प्लॅस्टिक वितळेपर्यंत चालते. वेळीच वास आला म्हणून बरे. अशा वेळी आगही लागू शकते.

यातून एक नियम पक्का ध्यानात ठेवा. रूपांतरकाने जोडणीचा आकार बदलतो, तारेची ताकद बदलत नाही. एसएमपीएसला कार्डासाठीची वायर मुळात नसेल, तर खाचेतल्या ७५ वॅटांवरच भागणारे कार्ड घ्या, नाहीतर एसएमपीएसच बदला. जीटीएक्स १६५० चेही काही नमुने जादा सहा टाचण्यांची वायर मागतात. तेव्हा कार्डाच्या नावावर न जाता हातात घेणार तो नमुनाच तपासा. काही तयार संगणकांत एसएमपीएसची मदरबोर्डाकडे जाणारी जोडणी नेहमीपेक्षा वेगळी असते. तेथे बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. बदलण्यापूर्वी टाचण्या मोजून पाहाव्यात.

चौथी कसोटी : भाषा

जागा आहे, वीज आहे, तरी पडदा काळाच! असेही होते. संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी मदरबोर्डावरचा एक छोटा कार्यक्रम जागा होतो. जुन्या संगणकांत तो बायोस असे. साधारण २०१२ पासून यूईएफआय हा नवा प्रकार रूढ झाला. कार्डावरही असाच छोटा कार्यक्रम असतो. दोघांची भाषा जमली नाही, तर चित्र उमटत नाही. विशेषतः २०१२ पूर्वीच्या मदरबोर्डावर अगदी नवे कार्ड बसवताना हा धोका असतो. मदरबोर्डाच्या कंपनीने नवा बायोस दिला असेल, तर त्याने काही वेळा काम होते. इंटेलच्या आर्क कार्डांना तर 'रिसायझेबल बार' ही सोय मदरबोर्डावर सुरू असावी लागते. ती नसेल तर त्यांची गती फार घसरते. आपल्या नमुन्याच्या वयाच्या संगणकांत ही सोय सहसा नसते.

दुसरी भाषा ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातल्या दुभाष्याची. हा दुभाषी कायम नोकरीत राहत नाही. एनव्हिडियाने २०१८ साली ३२ बिटांच्या प्रणालींसाठी नवे ड्रायव्हर देणे थांबवले. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआय या लोकप्रिय कार्डाच्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतील, आणि त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंतच, असे त्याच कंपनीने जाहीर केले आहे. वापरलेले कार्ड स्वस्त मिळते तेव्हा त्याचे उरलेले आयुष्य असे मोजावे. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आपल्या नमुन्यातला प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. अशा संगणकावर लिनक्सचा विचार करावा, आणि कार्ड निवडताना त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हरही पाहून घ्यावा.

पाचवी कसोटी : पडदा आणि आचारी

तुमच्या पडद्याला निळ्या रंगाची, १५ टाचण्यांची व्हीजीए जोडणी आहे का? ती १९८७ सालची, अनुरूप संकेताची. आजच्या कार्डांतून फक्त अंकीय संकेत बाहेर पडतो. नुसती वायर बदलून एकाचा दुसरा होत नाही. आत संकेत बदलणारे मंडल असलेला परिवर्तक लागतो. त्याचा खर्च आधीच धरा. आणखी एक साधी गोष्ट : पडद्याची वायर नव्या कार्डात खोचा. ती सवयीने मदरबोर्डातच ठेवून "कार्डाने काही फरक पडला नाही" म्हणणारे मी पाहिले आहेत!

शेवटी आचाऱ्याचा हात. सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर प्रत्येक चित्राला १००० ÷ ६० = १६.७ मिलिसेकंद मिळतात. जुन्या प्रोसेसरला एका चित्राची तयारी करायला २५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ४० च चित्रे निघतील. कार्ड दहापट वेगवान घेतले तरी ४० च! म्हणून जुन्या संगणकात महागडे कार्ड घालणे म्हणजे वाढपी शंभर आणि शेगडी एकच. कार्डाची ऐपत संगणकाच्या ऐपतीला शोभेल अशी असावी.

हात लावण्यापूर्वी

संगणकाची वायर भिंतीतून काढा, मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. अंगावरचा स्थिर विद्युतभार त्यामुळे निघून जातो. सुमारे ३,००० व्होल्टपेक्षा कमी विभवाचा असा झटका आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक चिप तेवढ्याने निकामी होऊ शकते. कार्ड कडेला धरावे आणि सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. काढताना खाचेच्या टोकाची खिट्टी आधी दाबावी.

एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्ट हे आपल्या घरातील विजेचे परिणामी मूल्य. तिचे शिखर २३० × १.४१ म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. पेटीतील धारित्र जवळजवळ तेवढ्या विभवांतराला भारित होते, आणि वायर काढल्यावरही काही काळ तसेच राहते. ते जिवावर बेतू शकते.

मग त्या मुलाचे काय झाले?

आम्ही दोघांनी मिळून वरचा सगळा हिशोब त्याच्या वहीत मांडला. त्याचा संगणकही आपल्या नमुन्यासारखाच निघाला. त्याने ते १७० वॅटचे कार्ड थोडा तोटा सोसून परत विकले, आणि जादा वायर न लागणारे ७५ वॅटचे कार्ड घेतले. त्याची त्रिमितीय चित्रे आता अडखळत नाहीत. तोट्यात गेलेले पैसे म्हणजे त्याची सुटीतली जवळजवळ दोन आठवड्यांची कमाई होती. "सर, हे गणित मला येत होतं," तो म्हणाला, "पण ते इथं लावायचं हे सुचलंच नाही."

मित्रांनो, भौतिकशास्त्राची सूत्रे परीक्षेच्या कागदासाठीच असतात असे आपण धरून चालतो. एसएमपीएसच्या चिठ्ठीवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर हे त्याच सूत्रातले व्होल्ट आणि अँपिअर आहेत. दुकानात जाण्यापूर्वी वहीत दहा मिनिटे घालवा. हिशोबाचे उत्तर कधी "हे कार्ड घ्या" असे येईल, कधी "लहान घ्या", आणि कधी "या संगणकावर खर्च करू नका" असेही येईल. ते तिसरे उत्तरही पैसे वाचवणारेच आहे.

करून पाहा

१. एका एसएमपीएसच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर आहेत. प्रोसेसरसाठी ७५ वॅट, पंखे व डिस्कसाठी २० वॅट लागतात. ८० टक्के मर्यादा पाळायची असेल, तर ५३ वॅटचे कार्ड चालेल का?

२. आठ मार्गिकांचे, चौथ्या आवृत्तीचे कार्ड तिसऱ्या आवृत्तीच्या लांब खाचेत बसवले. सेकंदाला किती माहिती वाहील?

३. ४.५ अँपिअर मर्यादेच्या जोडणीतून ९ अँपिअर प्रवाह गेला, तर मर्यादेच्या वेळच्या मानाने उष्णता किती पट होईल?

४. एका चित्रासाठी प्रोसेसरला २० मिलिसेकंद आणि कार्डाला ८ मिलिसेकंद लागतात. दोघे एकाच वेळी आपापले काम करीत असतील, तर सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रे मिळतील?

शिक्षकांसाठी : शाळेतील एखादा निकामी संगणक वर्गात आणून विद्यार्थ्यांना चिठ्ठी वाचायला, खाच मोजायला आणि अंदाजपत्रक मांडायला सांगावे. विद्युत्शक्ती आणि ज्यूलचा नियम शिकवायला याहून चांगले साधन क्वचितच मिळेल.

उत्तरे : (१) १९२ चे ८० टक्के १५३.६ वॅट, खर्च १४८ वॅट, म्हणून चालेल. (२) सुमारे ७.९ गिगाबाइट. (३) चौपट. (४) ५०.